मुंगसाची सहा नावं

मुंगूस हा आपला शब्द युरोपभर फिरून आला आहे, हे मला कळलं ते चिडल्यामुळे. मुंबईतल्या एका कॉलेजात मी फ्रेंच शिकवत असे. एकदा वर्गात एका मुलीने सहज विचारलं, की इंग्रजीत एका हंसाला गूस आणि अनेकांना गीस म्हणतात, तर मग अनेक मंगूसना मंगीस का म्हणत नाहीत. मी म्हटलं, हा इंग्रजीचा तास नाही. ती म्हणाली, बाई, माहीत नसेल तर तसं सांगा ना. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तास संपल्यावर मी तरातरा ग्रंथालयात गेले, जाडजूड कोश उघडला, आणि तिथे लिहिलेलं होतं की या शब्दाचा हंसाशी काडीचाही संबंध नाही. तो मराठीतल्या मुंगूसवरून आलेला आहे, बहुधा पोर्तुगीजांच्या हातून. परगावच्या बाजारात आपल्या आळीतलं माणूस दिसावं तसं मला झालं. त्या मुलीला मी हे नंतर सांगितलं की नाही, आठवत नाही. बहुतेक नाहीच सांगितलं.

मग मला त्याचा नादच लागला. इंग्रजीत मंगूस, पोर्तुगीजमध्ये मांगुश्तु, फ्रेंचमध्ये मांगूस्त, स्पॅनिशमध्ये मांगोस्ता, इटालियनमध्ये मांगूस्ता आणि जर्मनमध्ये मुंगो. युरोपाला या जनावरासाठी शब्द नव्हता असंही नाही. ग्रीकांनी इजिप्तमधल्या मुंगसाला इख्नेउमोन, म्हणजे माग काढणारा, असं भारदस्त नाव देऊन ठेवलं होतं. फ्रेंच प्रवासी त्याला चक्क फॅरोचा उंदीर म्हणत. तरी ते सगळं बाजूला सारून आपला शब्द तिथे जाऊन बसला. इतका बसला, की शास्त्रज्ञांनी आफ्रिकेतल्या एका पट्टेवाल्या मुंगसाचं लॅटिन नाव ठेवताना तोच उचलला. त्या बिचाऱ्याने आपला किनारा स्वप्नातसुद्धा पाहिलेला नाही.

एक गोष्ट इथेच कबूल करते. कोशात ‘बहुधा’ असं लिहिलं होतं. काही जाणकारांच्या मते हा शब्द मूळचा तेलुगू-कन्नडकडचा, मराठी हा त्याच्या वाटेवरचा एक मुक्काम. हे मी वाचलं आणि पान उलटलं.

निवृत्त झाल्यावर मी वडिलांच्या वाडीत राहायला आले. चौल आणि रेवदंडा यांच्या मध्ये आमची नारळी-पोफळीची वाडी आहे. घराच्या दोन खोल्या मी पाहुण्यांसाठी ठेवल्या. रेवदंड्याचा कोट, समोरचा कोर्लईचा किल्ला पाहायला लोक येतात, त्यांतले काही माझ्याकडे उतरतात. संध्याकाळी पाचला पडवीत चहा, बेसनाचा लाडू आणि माझं मुंगसावरचं व्याख्यान. कॉलेजातल्या चाळीस वर्षांच्या सवयीने जीभ थांबत नाही आणि समोर पैसे भरून आलेली माणसं उठूनही जाऊ शकत नाहीत. मास्तरकी करणाऱ्याला याहून चांगलं म्हातारपण कोणतं.

व्याख्यान हळूहळू सजत गेलं. ‘बहुधा’ पहिल्याच महिन्यात गळून पडलं. मग मी त्यात एक पोर्तुगीज आचारी घातला. तो रेवदंड्याच्या कोटातून बाहेर येतो, मासळी विकणाऱ्या बाईला विचारतो की हे काय पळालं, ती म्हणते मुंगूस, आणि तो शब्द खिशात घालून लिस्बनला जातो. हा आचारी माझ्याच डोक्यातून आलेला होता. कोणत्याही कागदात तो नाही. पण लोकांना तो आवडायचा, दोघातिघांनी वहीत लिहून घेतला, आणि मग तो खोटा आहे असं सांगायची वेळ निघून गेली.

एकच अडचण होती. व्याख्यान ऐकल्यावर पाहुण्यांना मुंगूस बघायचं असे. आमच्या गडग्यात, म्हणजे वाडीभोवतीच्या दगडी कुंपणात, एक जोडी होती. पण त्यांना पाचचा चहा मान्य नव्हता. कधी सकाळी दिसत, कधी आठ-आठ दिवस नाहीत. मी पाहुण्यांना आपल्याकडचा रिवाज शिकवत असे: मुंगसाचं तोंड दिसलं तर शुभ, म्हणून ते पाठमोरं पळालं की पोरं ओरडतात, ‘मुंगसा मुंगसा तोंड दाखव, नाहीतर तुला रामाची शपथ.’ शपथ घातली की ते थांबतं आणि मागे वळून बघतं. लहानपणी मी हे शेकडो वेळा केलेलं आहे आणि ते खरंच वळतं. पण शपथ घालायला आधी मुंगूस तर हवं. म्हणून मी विहिरीजवळच्या पाण्याच्या दगडी दोणीच्या काठावर रोज साडेचारला एक अंडं ठेवायला लागले.

पंधरा दिवसांत मुंगूस सरकारी कचेरीपेक्षा वक्तशीर झालं.

अंडी मी वाडीतूनच घेत असे. वाडीच्या टोकाला, माझ्या पडवीतून दिसेल अशा अंतरावर, वाडी सांभाळणारं कुटुंब राहतं. एक म्हातारी, जिला मी मावशी म्हणते आणि जी मला बाई म्हणते; तिचा मुलगा, जो रेवदंडा ते अलिबाग रिक्षा चालवतो; त्याची बायको; आणि त्यांची चार वर्षांची लेक. शिंपणं, सुपाऱ्या वेचणं, झावळ्या उचलणं हे सगळं तेच बघतात. कोंबड्या मावशींच्या. रोज एक गावठी अंडं कशाला लागतं, असं मावशींनी विचारलं तेव्हा मी सांगितलं की डॉक्टरांनी खायला सांगितलंय. मुंगसाला घालते असं सांगितलं असतं तर त्यांनी मला वेड्यात काढलं असतं. कोंबड्या पाळणाऱ्या बाईकडून अंडं घेऊन ते मुंगसाला देणं म्हणजे घरमालकाकडूनच कुलपाची चावी मागून चोराला नेऊन देण्यासारखं. हे मला तेव्हाही कळत होतं. मावशींनी एकदोनदा गडग्यातली मुंगसांची ती फट बुजवू या म्हटलं होतं, तेव्हाही मीच म्हटलं, राहू दे, मुंगूस असलं की वाडीत साप येत नाही. ते खरंही आहे. खऱ्या गोष्टी मला नेमक्या अशा वेळी आठवतात.

सून पालीकडची. लग्न होऊन पाच वर्षं झाली होती, तरी मावशींच्या लेखी ती अजून शिकाऊ होती. स्वभावाने गरीब, थोडी हरवलेली. एकदा तिने बेड्याचं, म्हणजे वाडीच्या फाटकाचं, दार उघडं टाकलं आणि कुणाच्या तरी बकऱ्यांनी सुपारीची रोपं खाल्ली. एकदा दूध उतू गेलं, एकदा विहिरीचा पंप चालूच राहिला. प्रत्येक घरात होतं तेच. पण मावशींनी तिच्यावर ‘बेपर्वा’ असा शिक्का मारला तो मारलाच, आणि काहीही बिघडलं की आधी तिच्याकडे बघायचं अशी घरादाराला सवय लागली. मीही तिच्याकडेच बघायची.

त्या वर्षी एक कोंबडी खुडूक बसली आणि अकरा पिल्लं निघाली. मावशींनी ती पहिल्यांदाच सुनेच्या हवाली केली. ही जगवून दाखव, म्हणाल्या. ती मुलगी बदलूनच गेली. पिल्लांना कण्या घालायची, पाणी बदलायची, बाहेर जाताना कोंबडी-पिल्लांवर बांबूचं डालगं उपडं घालून त्यावर दगड ठेवायची आणि चार पावलं गेल्यावर परत मागे येऊन तो दगड हलवून बघायची. हे मी पडवीतून रोज बघत होते. हे मी बघितलेलं आहे, हे मला पुढे फार छळणार होतं.

त्या दिवशी माझ्याकडे लिस्बनचं एक जोडपं उतरलं होतं. दोघंही साठीच्या पुढचे, शांत, हसतमुख. माझ्या दृष्टीने ही परीक्षाच होती, कारण माझं फ्रेंच नोकरीपुरतं, जर्मन कामापुरतं आणि पोर्तुगीज नुसतं उत्साहापुरतं. दिवसभर मी व्याख्यानाची उजळणी करत होते. त्या गडबडीत अंडं ठेवायचं विसरले.

पाचला चहा झाला. मी आचाऱ्यापर्यंत पोचले. लिस्बनच्या बाईंनी मन लावून ऐकलं आणि मग इंग्रजीत, अगदी नम्रपणे म्हणाल्या, की मांगुश्तु हा शब्द पुस्तकात असतो खरा, पण त्यांच्या आजोळी रानात जे मुंगूस असतं त्याला सगळे साकाराबुश म्हणतात. त्याचा शेपटीशी काहीतरी संबंध आहे. पिल्लं एकमेकांच्या शेपट्या धरून रांगेत चालतात, असं त्यांची आजी सांगायची.

किती गोड माहिती होती ती. नवीन शब्द, आजीची आठवण. दुसरी कुणी असती तर वही काढून लिहून घेतलं असतं. मला मात्र राग आला. माझ्या पडवीत बसून, माझा लाडू खाऊन ही बाई माझ्या मुंगसाला दुसरं नाव सांगते म्हणजे काय. मी आवाज चढवला आणि बोटं मोजत यादी सुरू केली. इंग्रजीत मंगूस. फ्रेंचमध्ये मांगूस्त. तेवढ्यात त्यांच्या नवऱ्याने हाताने खुणावलं आणि मोबाइल वर उचलला, कारण दोणीपाशी मुंगूस आलं होतं. मी यादी पुन्हा पहिल्यापासून, इंग्रजीपासून, सुरू केली.

ते दोणीच्या काठावर चढलं, हुंगलं. अंडं नव्हतं. मागच्या पायांवर उभं राहून त्याने माझ्याकडे बघितलं, असं मला वाटलं. मग ते उतरलं आणि वाडीच्या टोकाकडे, झाडलेल्या अंगणातल्या डालग्याकडे सरळ निघालं. मावशी बाजाराला गेलेल्या होत्या. सून लेकीला घेऊन गिरणीत गेली होती. त्यांच्या अंगणात कुणी नव्हतं.

मला कळलं. मुंगूस डालग्याच्या कडेखाली नाक घालून उकरायला लागलं, तेव्हा काय होणार आहे ते मला नक्की कळलं. आत कोंबडी उसळली, डालगं एका बाजूने उचललं गेलं, दगड घरंगळला. पिल्लांची चिवचिव पडवीपर्यंत आली. आणि मी म्हणत होते, स्पॅनिशमध्ये मांगोस्ता, इटालियनमध्ये मांगूस्ता. मी थांबले नाही. जर्मनही सांगितलं. त्या बाईच्या डोळ्यांत मला मान्य झालेलं बघायचं होतं, आणि त्यांचे डोळे तर कधीच तिकडे लागले होते.

मुंगूस तोंडात काहीतरी धरून गडग्याकडे पळालं. काय धरलंय, असं नवऱ्याने विचारलं. मी म्हटलं, उंदीर. त्याने टाळ्या वाजवल्या. दोघांनी मी शिकवल्याप्रमाणे मोडक्या मराठीत मुंगसाला रामाची शपथ घातली, पण ते काही वळलं नाही.

नुसतं उठून पन्नास पावलं चालत जायचं होतं. डालगं सरळ करून दगड ठेवला असता तर दहा पिल्लं वाचली असती. पण मग कोंबडीची पिल्लं नेली हे पाहुण्यांना सांगावं लागलं असतं, आणि आत्ताच तर मी उंदीर म्हटलं होतं. मी त्यांना समुद्रावर फिरायला घेऊन गेले. सूर्यास्त दाखवला.

परत आलो तेव्हा दिवेलागण झाली होती आणि वाडीच्या टोकाला माणसं जमली होती. अकरांतली चार उरली होती. कोंबडीची मान फाटली होती. दगड डालग्यापासून हातभर अंतरावर पडलेला होता. मावशींचं म्हणणं सरळ होतं: कण्या घालताना दगड बाजूला ठेवला, मग फोन आला असेल माहेरचा, आणि तशीच गेली. सून म्हणत होती, मी ठेवला होता. नवरा रिक्षाला टेकून उभा होता, खाली बघत. शेजारच्या दोन बायका बकऱ्यांची आठवण काढत होत्या.

मग मावशींनी नातीला धरून पुढे उभं केलं आणि सुनेला म्हणाल्या, “लेकीच्या डोक्यावर हात ठेव आन् सांग, दगड ठेवला व्हता. मग मी एक अक्षर बोलाची न्हाय.”

आपल्याकडे अशी शपथ कुणी सहजी घेत नाही. खरी असली तरी नाही. पोराच्या डोक्याची शपथ म्हणजे पोराचं आयुष्य मध्ये घालणं. शहाणी आई मार खाईल पण हात ठेवणार नाही. हे मावशींनाही माहीत होतं. पण भांडणात माणूस तेच मागतं जे समोरच्याला देता येत नाही. सुनेने हात उचलला. लेकीच्या केसांपासून बोटभर अंतरावर तो थांबला. मग तिने तो खाली घेतला.

“बघा,” मावशी म्हणाल्या.

मी माझ्या पायरीवर उभी होते. एक वाक्य पुरे होतं. मावशी, दगड होता, मी बघितलंय. पण त्याच्या मागे लगेच दुसरं आलं असतं, बघितलं तर हाकललं का नाही. आणि तिसरं, ते रोज त्या वेळेला येतं कसं. आणि मग अंडी. खाई त्याला खवखवे म्हणतात.  मी मूग गिळून उभी राहिले.

पोर्तुगीज बाईंनी हळूच विचारलं, काय चाललंय. आई मुलीच्या डोक्यावर हात ठेवत होती, फार सुंदर होतं ते, म्हणाल्या. मी सांगितलं, तिन्हीसांजेला आया मुलांना असा आशीर्वाद देतात, जुना रिवाज आहे. जन्मभर मी भाषा शिकवली, भाषांतरं तपासली, एका चुकीच्या शब्दासाठी मुलांचे गुण कापले. तेवढं खोटं भाषांतर माझ्या एकाही विद्यार्थ्याने केलं नसेल.

चार दिवसांनी सुनेला माहेरी धाडलं. जा जरा, डोकं ठिकाणावर आलं की ये, असं मावशी म्हणाल्या. लेकीची बालवाडी बुडेल म्हणून लेक इथेच राहिली. हे निमित्त आहे हे सगळ्यांना कळत होतं. नवऱ्याने तिला रिक्षातून स्टँडवर सोडलं आणि येताना माझ्या पाहुण्यांसाठी पाव घेऊन आला. मी तो त्याच्या हातातून घेतला. त्याच्या तोंडाकडे बघितलं नाही.

ती पोरगी रोज संध्याकाळी बेड्याच्या दाराशी उभी राहायची. रडायची नाही. रिक्षाचा आवाज आला की पुढे व्हायची आणि बाप एकटाच उतरला की मागे फिरायची. मी पडवीची खुर्ची फिरवून पाठ तिकडे केली.

आठवड्याने लिस्बनहून मेल आली. आभार, लाडवांची आठवण, आणि सोबत बाईंच्या नवऱ्याने काढलेला मुंगसाचा व्हिडिओ. मी तो बघितला. त्याने मोबाइलवर चित्र जवळ ओढून घेतलं होतं, त्यामुळे सगळं स्वच्छ दिसत होतं. आधी दोणीवरचं मुंगूस आणि मागे डालगं, त्याच्यावर दगड, मग मुंगूस डालग्यापाशी, मग तो दगड घरंगळतो. दगड होता याचा धडधडीत पुरावा माझ्या हातात आला होता. कुणालाही वाटेल की मी धावत सुटले असेन. मी व्हिडिओ बंद केला आणि सहा दिवस कुणाला काही सांगितलं नाही, कारण त्यात माझा आवाज होता.

ते सहा दिवस मला माफ नाहीत. पहिल्या दिवशी मी गडबडले, असं म्हणता येईल. घाबरले, असंही म्हणता येईल. पण ते सहा दिवस मी शांतपणे जेवले, वर्तमानपत्र वाचलं, पुढच्या पाहुण्यांचं बुकिंग घेतलं. व्हिडिओतला आवाज काढून टाकता येतो का, हेही मी एका माजी विद्यार्थिनीला फोन करून विचारलं. येतो, म्हणाली. अगदी सोपं आहे, म्हणाली. मी तसं केलं नाही, पण त्यात माझा मोठेपणा काही नाही. ती फोनवर सांगत असताना मी तिला मध्येच विचारलं, आणि आपण बोललेलं आपल्या कानातून कसं काढायचं. ती हसली. तिला वाटलं बाई गंमत करताहेत.

सातव्या दिवशी सकाळी मी मावशींकडे गेले. त्या ओटीवर सुपाऱ्या सोलत होत्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. अंडी कुणासाठी घेत होते, फट का बुजवू दिली नाही, काय बघितलं, उंदीर म्हटलं, सगळं. मोबाइल त्यांच्यासमोर धरला. त्यांनी डोळे बारीक करून पुन्हा पुन्हा बघितलं. मी वाट बघत होते की आता शिव्या घालतील. त्या म्हणाल्या, “तुमी काय बोलताव त्यात?”

मी सांगितलं, मुंगसाची नावं. निरनिराळ्या देशांत त्याला काय म्हणतात ते.

“येवढं बोललाव,” त्या म्हणाल्या, “तर एक ‘हाड’ म्हनायला किती येळ लागला असता?”

  त्यांनी सुपाऱ्यांची टोपली बाजूला सारली, मुलाला हाक मारली आणि बाईंना घेऊन पालीला जा, सोबत पोरीला ने, असं सांगितलं. तुम्हीही चला, मी म्हटलं. त्या उठून घरात गेल्या. आतूनच बोलल्या, “मला तोंड न्हाय तिच्यासमोर जायाला. तुमी जा. तिला म्हनावं, म्हातारी चुकली.”

रेवदंड्याहून पालीच्या पुढे रिक्षाने जायचं म्हणजे हाडं खिळखिळी होतात. साळावचा पूल, रोहा, नागोठणं. वाटेत तो एकदाच बोलला. लेक माझ्या मांडीवर झोपली होती. तो समोरच्या रस्त्याकडे बघत म्हणाला, मी तरी कुठे काय बोललो त्या दिवशी. माझी समजूत घालण्यासाठी म्हणाला की स्वतःची, ते कळलं नाही. 

माहेरचं घर लहान, समोर सारवलेलं अंगण. ती तांदूळ निवडत होती. लेकीला बघून सूप टाकून उठली, तिला उचललं आणि बराच वेळ तिची मान हुंगत राहिली. मग आमच्याकडे बघितलं. नवरा रिक्षापाशीच थांबला. मी पुढे झाले आणि मावशींना सांगितलं तेच सगळं पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. तसं झालं नाही. तिथे माझ्यावर रागावणारं कुणी नव्हतं, आणि ती एकेक शब्द मान हलवत ऐकून घेत होती, जशी ती कायम सगळ्यांचं ऐकून घेते. मावशींचा निरोप सांगितला. माफी मागितली. बाईंनी माफी मागितल्याचाच तिला संकोच वाटला, तिने पदर सारखा केला.

मग मी मोबाइल तिच्या हातात दिला. लेकीला कडेवर घेऊन तिने तो बघितला. सुरुवातीलाच, मुंगूस डालग्याकडे निघायच्याही आधी, तिचं बोट पडद्यावर गेलं. “हाय,” ती म्हणाली. “दगड हाय हितं.”

मी म्हटलं, होता ना. तूच ठेवला होतास.

ती माझ्याकडे बघत नव्हती. हळू आवाजात म्हणाली, “सगळी बोलत व्हती न्हाय ठेवला, न्हाय ठेवला. मग मलाच वाटाया लागलं, मी न्हायच ठेवला. म्हनून हात ठेवता आला न्हाय लेकीवर. रोज आठवतंय, रोज दगड दिसतो, आन् मग वाटतं हा कालचा आसंल, परवाचा आसंल.”

पुढचं तिला बघायचं नव्हतं. पिल्लांकडे तिने बघितलं नाही, मुंगसाकडेही नाही. दगड घरंगळायच्या आधी ती बोटाने व्हिडिओ मागे ओढायची आणि पुन्हा सुरुवातीपासून लावायची. नवरा जवळ येऊन उभा राहिला, त्यालाही तिने दाखवलं, हा बघा. तिची आई आतून आली, तिला दाखवलं. चार घरं सोडून राहणारी चुलती आली, तिला दाखवलं. आणि दर वेळी त्या अंगणात माझा आवाज यायचा, चढवलेला, ठणठणीत, प्रत्येक उच्चार अचूक: इंग्रजीत मंगूस, फ्रेंचमध्ये मांगूस्त. चुलतीने विचारलं, ही कोण बाई बोलते आहे. ती म्हणाली, ह्याच त्या, आणि माझ्याकडे बोट दाखवलं, आणि तेही इतक्या साधेपणाने, की मी मान हलवली आणि म्हटलं, हो, मीच.